अच्छनच्या पानावर पफ ठेवू नकोस

अम्मा,

समुद्रावर वडिलांचा पिंड देऊन तसाच बेकरीत जातोय. तू देवळात आहेस म्हणून लिहून ठेवलं. आज वाव अमावास्या, पितरांचा दिवस. संध्याकाळी अच्छनच्या आवडीचं पान आतल्या खोलीत वाढून तू दार लावशील, त्यांनी येऊन जेवावं म्हणून. त्या पानावर पफ ठेवू नकोस. कालचे चार पफ डब्यात आहेत, ते टाकून दे.

डॉक्टरांनी अच्छनच्या जेवणातलं खोबरेल बंद केल्यापासून सहा वर्षं तू आपल्या माडांचं तेल फक्त केसांना लावलंस. अच्छन उकडलेल्या जेवणावर कुरकुरले की मी पफ पुढे करायचो. "यात खोबरेलाचा थेंब नाही, बिनधास्त खा!" खरंच नसायचा. होतं ते वनस्पती तूप. मीच रोज पहाटे ते मैद्याच्या घडीघडीत थापतो.

शेवटच्या तपासणीला नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेकरीचं किती खातात?" मी म्हणालो, "कधीतरी." त्या म्हणाल्या, "तेही बंद करा. त्यातलं तूप हृदयाला खोबरेलाहून वाईट." हे मी तुला सांगितलं नाही. पफही आणत राहिलो. पिशवी दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा गं.

आज केळ्याचे काप खोबरेलातच तळ. पापडही. हात आखडता घेऊ नकोस.

दार उघडलंस की त्या पानावरचं आपण खातो. मी तोवर येईन. मला वाढायचं की नाही, ते तू ठरव.

सुगुणन