सातव्या फ्लास्कची खातिरदारी

१ मार्च, सकाळी ९
सरांनी आज शेवटची तारीख दिली. वीस मार्च. त्या दिवशी माझ्या बुरशीने दुधाच्या प्लेटवर एन्झाइमचा स्वच्छ डाग पाडून दाखवायचा. पाडला, तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुरं आणि मी डॉक्टर. नाही पाडला, तर विषय ज्युनिअरकडे. सरांनी ‘नाही’वर उगाच जोर दिला. सहा वर्षांत त्यांनी मला ओळखलंच नाही.
संकल्प: उद्यापासून रोज सातला लॅबमध्ये.

२ मार्च, ११.४०
सातची वेळ अव्यवहार्य आहे.
नव्या बॅचचे वीस फ्लास्क लावले. प्रकरण सोपं आहे. फ्लास्कमध्ये दुधातलं प्रथिन. बुरशीला हवा नायट्रोजन, तो प्रथिनात अडकलेला. तो सोडवायला तिने एन्झाइम काढायचं. तेच एन्झाइम पांढरी प्लेट पारदर्शक करतं. गेले सात महिने काढत नाहीये. कारण उघड आहे, अशक्तपणा. म्हणून मी रोज अमोनियम घालतो. तयार नायट्रोजन, पचायला हलका. अंगात ताकद आली की लागेल कामाला.

५ मार्च
काय फोफावलीय! हिरवीगार, मखमली. काचसामान धुणारे मामा म्हणाले, ही आता बूच काढून बाहेर येणार आणि आपल्यालाच हाकलणार. मामांना कौतुक आहे.
प्लेटवर डाग: नाही. लाजतेय.

६ मार्च, दुपारी
ज्युनिअर येऊन शिकवून गेली. मला दादा म्हणते, तेवढा आदर आहे. म्हणाली, दादा, अमोनियम बंद करा ना. अमोनियम समोर असलं की बुरशी प्रथिन फोडायची जनुकं बंदच ठेवते. आयतं ताटात पडतंय तर ती एन्झाइम कशाला बनवेल? अमोनियम संपलं की तिच्यातला एक स्विच चालू होतो, मग बघा कशी कामाला लागते. तिचा सगळा प्रबंध त्या स्विचवर आहे, त्यामुळे तिला जिकडे तिकडे स्विच दिसतो.
मी हसलो. पुस्तकी ज्ञान! उपाशीपोटी कोणी काम केलंय? मी स्वतः नाश्त्याआधी पेनला हात लावत नाही. (नाश्त्यानंतर लावतो असंही नाही, पण तो वेगळा विषय.)
अमोनियमचा डोस दुप्पट केला.

९ मार्च
आज प्रबंधावर जोरदार काम. मुखपृष्ठावर नावाचा फॉन्ट ठरवला. ‘डॉ.’ नंतर जागा सोडावी का, यात दुपार गेली. सोडली. आभार लिहिले, चार पानं. बुरशीचेही मानले. शेवटचं प्रकरण राहिलंय, पण ते काय, बसलो की होतं.

१२ मार्च, सकाळी १०
गंभीर प्रकार. फ्लास्क मोजले तर एकोणीस. विसावा, म्हणजे क्रमांक सात, काचसामान निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्ह यंत्रामागे सापडला. लावल्या दिवसापासून अमोनियमचा कणही नाही! दहा दिवस! बुरशी सुकलेली, सुरकुतलेली. पाहवेना. केवळ नियम म्हणून तिचं थेंबभर पाणी प्लेटवर टाकलं.

१२ मार्च, संध्याकाळी ५
डाग!! चौदा मिलिमीटर!!! आरपार! प्लेटमधून मामा दिसले! मी मामांना उचललं, मामांनी ब्रश सोडला नाही, दोघंही साबणाने भिजलो. आईला फोन केला, म्हटलं डॉक्टर झालोच समज. ती रडली. मग मीही.

१२ मार्च, ५.३०
शांत डोक्याने विचार केला. उपाशी राहून हिने चौदा मिलिमीटर काढले, तर पोटभर खाऊन किती काढेल! चाळीस? प्लेट पुरायची नाही.
सातव्यातलं जुनं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतून दिलं, ताजं घातलं, अमोनियम तिप्पट. बिचारीची हौस भागू दे.
नेमकी ज्युनिअर आली. विचारलं, दादा, ते पाणी कुठंय? सिंककडे बोट केलं. ती स्टुलावर बसली. म्हणाली, दादा, एन्झाइम त्या पाण्यातच होतं.
म्हटलं, आता नवं येईल. या मुलीला श्रद्धाच नाही.

१७ मार्च
सातवी बाळसेदार झालीय. बाकीच्यांपेक्षा गुटगुटीत. मुद्दाम प्लेट घेतली नाही. वीस तारखेला सगळ्यांना एकदमच चकित करू.

२० मार्च, दुपारी ३
वीस प्लेट्स. वीसच्या वीस पांढऱ्या. सरांनी एकेक उजेडाला धरून पाहिली. सातवी दोनदा.
कारणं: दूध पावडर जुनी. दमट हवा. सरांच्या उपस्थितीचं दडपण (बुरशीवर).
सरांनी माझी नोंदवही मागून घेतली.

२१ मार्च, ११.००
सरांनी बोलावलं. चक्क हसत होते! म्हणाले, अरे, ही वही म्हणजे सोनं आहे! सात महिने, रोज अमोनियम, रोज शून्य, एकही दिवस खाडा नाही. एक फ्लास्क उपाशी, लगेच डाग. त्याला खायला घातलं, डाग गायब. इतका चिकाटीचा पुरावा शहाणा माणूस मुद्दाम बसून गोळा करणारच नाही.
मी म्हणालोच होतो! माझ्या डेटात दम आहे! खुर्चीतून उठलोसुद्धा. मग विचारलं, कितवं प्रकरण करू? सर म्हणाले, तिसरं. ज्युनिअरच्या प्रबंधाचं. विषय आजपासून तिचा.
ज्युनिअर फरशीकडे बघत होती. हळूच म्हणाली, दादा, आभारात तुमचं नाव पहिलं घालते.
मी काय करू, म्हणून विचारलं. सर म्हणाले, तिला अजून तीन महिन्यांचे आकडे लागतील. तू करतोयस तेच करत राहा. काही म्हणजे काही बदलू नकोस.
एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर आजवर टाकला नव्हता.

२१ मार्च, संध्याकाळी ६
वीसही फ्लास्कना अमोनियम घातलं. खूप वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.
आईचा फोन आला. झालं का पूर्ण, म्हणाली. झालं म्हटलं. कोणाचं, ते तिने विचारलं नाही.