सात नंबरच्या विहिरीतली

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठा शोध लागण्याआधीचे दिवस शास्त्रज्ञ लिहून ठेवत नाहीत आणि मग म्हातारपणी आठवणींच्या नावाखाली थापा माराव्या लागतात. माझ्यावर ती वेळ येणार नाही.
संकल्प: रोज पहाटे उठणे. चिडणे बंद. आणि केमिस्टबाईंच्या समाधानासाठी दर फेरीला ब्लँक नेणे. म्हणजे लॅबचं शुद्ध पाणी बाटलीतून विहिरीवर न्यायचं, आपली जाळी-दोरी त्यात बुडवायची आणि परत आणून तपासायचं. घाण विहिरीची की आपली, ते कळतं म्हणे. तीस वर्षं भूजलात काढली. माझी कसली आलीय घाण.

५ फेब्रुवारी, सव्वानऊ
आत्ताच उठलो. पाठ. बारा विहिरींतून हाताने जाळी ओढायची म्हणजे गंमत नाही. बायकोने बाम आणलाय, हिरव्या झाकणाचा. चोळला. झकास. ब्लँकची बाटली घरीच राहिली.

६ फेब्रुवारी
सापडली!
सात नंबरची विहीर, रोपं विकणाऱ्या बाईंच्या नर्सरीत. तांदळाच्या कणीएवढी, पांढरीफटक, डोळ्यांचा पत्ता नाही. कोळंबीची लांबची चुलत बहीण, जन्मभर जमिनीखालच्या अंधारात राहणारी. कुठल्याच यादीत ही नाही. असे जीव पाण्यातली घाण खाऊन पाणी राखतात. म्हणजे ही आहे तिथलं पाणी नितळ.
फक्त एकच मिळाली. नवी जात जाहीर करायला निदान वीस तरी लागतात, नर-मादी दोन्ही.
नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, यात काय, बादलीत रोज दोन-चार येतात, त्या परत सोडतात. त्यांच्या सासूबाईही सोडायच्या. हव्या असतील तर बादलीला फडकं बांधून धरून ठेवते म्हणाल्या. डासांच्या अळ्या पाहिल्या असणार बिचारीने. मी नम्रपणे नको म्हटलं. विज्ञान फडक्याने होत नाही.

१३ फेब्रुवारी
सात नंबरला तीन तास जाळी. शून्य. बाम दोनदा, मानेलाही.

१९ फेब्रुवारी
संचालकांनी बोलावलं. प्रकल्प ३१ मार्चला संपतो, ठाऊक आहे ना, म्हणाले. मी शोधाचं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "किड्यावर मुदतवाढ मिळत नाही हो. प्रदूषण वगैरे असेल तर समितीला विचारता येईल."
किडा म्हणाले. संकल्प क्रमांक दोन मोडला, पण मनातल्या मनात.
चोपन्नाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? ही म्हणाली, शिकवण्या घ्या. रात्रभर छताकडे बघत होतो.

२० फेब्रुवारी
बाराही विहिरींचं पाणी केमिस्टबाईंकडे दिलं. ब्लँक कुठंय, त्यांनी विचारलं. पुढच्या वेळी, मी म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या नेहमी काहीतरी लिहितात.

५ मार्च, ११.२०
निकाल. बाराच्या बारा विहिरींत कापूर आणि मेन्थॉल!
टेकडीपलीकडे टूथपेस्टचा कारखाना आहे. तीस वर्षांची नजर असल्यावर दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागत नाही. केमिस्टबाई म्हणत होत्या, कारखान्याच्या वरच्या अंगाच्या चार विहिरींतही तेवढंच कसं? पाणी चढ चढतं का? मी म्हटलं, भूगर्भ गुंतागुंतीचा असतो. त्या म्हणाल्या, ब्लँक घेऊन या आणि मग बोला.
समितीची बैठक १२ ला आहे. ब्लँकला दोन आठवडे लागतात. बुडत्याला काडी मिळालीय, ती खरी लाकडाची आहे का हे तपासत बसू?

६ मार्च
अहवाल पाठवला. एक प्रत समितीला, एक पाणीखात्याला. बारा विहिरी, प्रत्येकीपुढे लाल अक्षरांत ‘दूषित’. सात नंबरपुढे लिहिताना पेन जरा अडलं. पाणी घाण असेल तर ती त्यात जगते कशी? यावर वेगळा शोधनिबंध होईल.

१२ मार्च
मुदतवाढ! दोन वर्षं! संचालकांनी पाठीवर थाप मारली, बरोब्बर दुखऱ्या जागी. घरी येऊन बाम. ही हसली, असं म्हणायला हरकत नाही.

१३ मार्च
आता दोन वर्षं हातात. सात नंबरमधून वीस काय, पन्नास काढीन. मन मोठं करून आज ब्लँकही केला. नर्सरीत बसून, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा. बाई म्हणाल्या, साहेब, तुम्ही आलात की विहिरीवर औषधाच्या दुकानासारखा वास येतो.
कारखान्याचा, मी म्हटलं. नोंद केली: स्थानिकांनाही वास जाणवतो.

२६ मार्च
ब्लँकचा निकाल. शुद्ध पाण्यात कापूर आणि मेन्थॉल. विहिरींपेक्षा जास्त.
केमिस्टबाई माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिल्या. खिशात बामची डबी होती, हिरव्या झाकणाची.
बामचे हात, त्याच हातांनी दोरी, तीच दोरी बारा विहिरींत. काखेत कळसा आणि मी टेकडीपलीकडे वळसा घालून आलो.

२६ मार्च, संध्याकाळी
विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. एक दुरुस्तीपत्र. ‘निष्कर्षांत किरकोळ बदल’. उद्या सकाळी पहिलं काम.

२७ मार्च
पत्र लिहिलं. ‘किरकोळ’ शब्दावर अडलो. पत्र गेलं की मुदतवाढ गेली. सोमवारी पाठवू. तीन दिवसांत विहिरी कुठे पळून जाताहेत?

२८ मार्च
नर्सरीवरून फोन. पाणीखात्याची गाडी काल येऊन गेली. ‘दूषित’ या शब्दावर त्यांच्याकडे एकच औषध आहे, ब्लीचिंग पावडर. सात नंबरमध्ये दोन पोती ओतली. बाकीच्या विहिरींतही ओतणार आहेत.
दोन पोती. त्या विहिरीला एक तांब्या पुरला असता.
जाऊन आलो. आठ तास जाळी टाकली, बाम न लावता. काही आलं नाही. पाण्याला पोहण्याच्या तलावाचा वास. विहिरीच्या कठड्यावर बसून रडलो. बाई लांबून रोपांना पाणी घालत होत्या, त्यांनी बघितलं नसावं.

२९ मार्च
रविवार. पत्र ड्रॉवरमध्ये. काल टाकलं असतं तरी काय फरक पडला असता. २६ तारखेला संध्याकाळी टाकलं असतं तर पडला असता. गाडी २७ ला आली. हे मी दहा वेळा मोजून पाहिलं.

३० मार्च, दुपारी
नर्सरीवाल्या बाई ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच. हातात स्टीलचा डबा. तुम्ही नको म्हणाला होतात, पण परवा तुम्हाला रडताना बघितलं, म्हणून बादलीला फडकं बांधलं, म्हणाल्या. दोन दिवस गाळत होत्या. सगळ्या वर तरंगत होत्या.
मी डबा उघडला. पांढऱ्या, डोळे नसलेल्या. मोठ्या, लहान, नर, माद्या, एकीच्या पोटाखाली अंडी. मोजल्या. निदान वीस लागतात. एकशे सहा आहेत.
बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, आता तरी पाणी चांगलं झालं ना?"
आधीच चांगलं होतं, एवढंच सांगायचं होतं. मी "हो" म्हणालो.
बरं झालं म्हणाल्या आणि उठल्या. डबा घाईचा नाही, पण रिकामा झाला की द्या, घरात तेवढा एकच आहे, असं सांगून गेल्या.