ओमाहाचे बगळे आणि आमचे रविवार

लीड्स,
जानेवारीतला शेवटचा शनिवार

ती. मधुमतीताई यांना,

मुरलीधरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हा नमस्कार कागदावरच उरकतो आहे. खरोखर घातला तर मला उठवायला शेजारून माणूस बोलवावा लागेल.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. भूल नुसत्या थेंबांची दिली म्हणे. म्हणजे आम्हा भूलतज्ज्ञांची आता नागपुरातही गरज उरली नाही. असो. खाली वाकू नका, डोळा चोळू नका आणि हे पत्र स्वतः वाचायचा हट्ट धरू नका, सूनबाईंकडून वाचून घ्या. कंसातला मजकूर मात्र तिने मनातल्या मनात वाचावा. (आश्लेषा, हे तुलाच.)

मागे फोनवर तुम्ही 'कसे आहात' विचारलंत आणि मी 'मजेत' म्हणून मोकळा झालो. ते साफ खोटं होतं. मी मजेत नाही. आमचे बगळे हरले आहेत. बगळे म्हणजे ओमाहा हेरन्स, अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ. व्यावसायिक एवढ्याचसाठी म्हणायचं की त्यांना हरण्याचा पगार मिळतो. या खेळाला फुटबॉल का म्हणतात हे विचारू नका. पाय बॉलला क्वचित लागतो, बॉल सोललेल्या नारळासारखा लांबट असतो, आणि अंगाखांद्याला गाद्या बांधलेले धिप्पाड लोक चार पावलं धावून एकमेकांवर कोसळतात. मग सगळे उठतात, घोळका करून कुजबुजतात आणि पुन्हा कोसळतात. इथे लीड्समध्ये फुटबॉल म्हणजे काय याबद्दल लोक फार हळवे आहेत. 'काल आमची मॅच होती' असं मी शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालो आणि कुठली ते सांगितलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहात मीठ घातलं.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर क्रिकेटसुद्धा पाच मिनिटांवर न पाहिलेल्या माणसाला म्हातारपणी हे कुठलं खूळ? खूळ नाही ताई, सोय आहे. आमची ईरा नोकरीसाठी अमेरिकेत ओमाहाला गेली तेव्हा अरुणा होती. दोघी मायलेकी बोलायच्या आणि शेवटी फोन माझ्या हातात यायचा. मी विचारायचो, 'जेवलीस का? थंडी आहे का?' आणि फोन परत. हे माझं खातं व्यवस्थित चाललं होतं. (माझ्या धंद्यातही बोलणं तेवढंच असे. पेशंटला 'दहापर्यंत आकडे मोजा' म्हणायचं, सहाच्या पुढे कुणी गेलं नाही. आयुष्यभर ज्याच्याशी बोललो तो झोपला, अशा माणसाकडून संभाषणाची काय अपेक्षा ठेवणार?) अरुणा गेली आणि फोन एकदम माझ्याच हातात आला, परत द्यायला कुणी नाही. इथे पाऊस आहे, तिथे ऊन आहे, एवढं झालं की आम्ही दोघं बाप-लेक एकमेकांची शांतता ऐकत बसायचो. मग ईरा म्हणायची, 'ओके बाबा, टेक केअर.' महिना महिना असाच गेला.

सप्टेंबरात एका रविवारी तिच्या मागे टीव्हीवर गलका चालला होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, कोण भांडतंय? तर ती म्हणाली, 'बाबा, आपला टीम खेळतो आहे.' (टीम पुल्लिंगी. अरुणाने तिच्या मराठीतली लिंगं सुधारायला बारा वर्षं खर्ची घातली. मी आता सुधारत नाही, मीही 'आपला टीम'च म्हणतो.) आणि ताई, तिने समजावायला सुरुवात केली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला द्यायचा. मी मुद्दाम दोनदा विचारलं. तिने दोनदा सांगितलं. फोन ठेवला तेव्हा माझा चहा थंडगार झाला होता, आणि अरुणा गेल्यापासून असा गार चहा मी पहिल्यांदाच आनंदाने प्यालो.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी, तिथे दुपार असताना, दोघं फोन चालू ठेवून एकच मॅच पाहायचो. मी चॅनल घेतलं, बगळ्यांची निळी जर्सी मागवली. ती इतकी ढगळ निघाली की मी स्वेटरवरून घालतो. यात एक विघ्न आलं ते इथल्या मराठी मंडळातल्या श्रीकांत-वीणाच्या घरच्या सत्यनारायणाचं. पूजा नेमकी रविवारी सहाला. मी एका कानात ते बारीक यंत्र घालून मागच्या रांगेत बसलो होतो. कथेत साधुवाण्याची नौका आली, त्याच क्षणी आमच्या माणसाच्या हातातून बॉल निसटला, आणि मी कळवळून ओरडलो, 'अरे धर की गाढवा!' गुरुजींच्या हातात तेव्हा पळी होती. ती पडली. वीणा अजून माझ्याशी तुटक बोलते. ईरा मात्र त्या दिवशी फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला, तेव्हा मला काही त्या प्रसंगाचं वाईट वाटलेलं नाही.

वाईट वाटलं ते नोव्हेंबरात. एका रविवारी मी जर्सी घालून बसलो, तर फोन नाही. टीव्हीवर आमचा सामनाही सापडेना. मग तिचा मेसेज आला, तीनच शब्द: 'बाय वीक बाबा.' आता इंग्रजीत आठवडा आणि अशक्त हे शब्द कानाला सारखे, फरक स्पेलिंगचा. मला वाटलं, पोर म्हणते आहे, 'बाय, अशक्त वाटतंय, बाबा.' आणि स्पेलिंग चुकलं म्हणजे हात थरथरत असणार. मी डॉक्टर, त्यामुळे मला सामान्य माणसासारखी एकच भीती वाटत नाही, अकरा वाटतात. मी फोन लावत सुटलो. तिचा बंद. ऑफिसला रविवार. शेवटी मी ओमाहाच्या पोलिसांना फोन केला आणि आवाज शक्य तितका शांत ठेवून सांगितलं की माझी मुलगी बहुधा घरात बेशुद्ध पडली आहे. ती सिनेमा पाहून हातात भाजीच्या पिशव्या घेऊन परतली, तर दाराशी दोन पोलीस.

तिचा फोन आला तो ओरडतच. 'बाबा, तू पोलीस पाठवला माझ्या घरी? बाय वीक म्हणजे आपला टीमचा सुट्टी असतो! सगळ्या टीमला एकदा मिळतो!' मग ती हसायला लागली. खूप वेळ हसत राहिली. ताई, चाळीस वर्षं मी लोकांचा श्वास ऐकत उशाशी बसलो आहे, तो कुठे अडकतो आणि कुठे बदलतो हे मला बघावं लागत नाही. ते हसणं मध्येच हसणं राहिलं नव्हतं. ती रडत होती. मुलगी एवढ्या लांब एकटी रडते आहे आणि फोन माझ्या कानाला आहे. अरुणा असती तर तिने काय म्हटलं असतं? मी विचारलं, 'पुढची मॅच कुणाशी आहे?' तिने नाक ओढलं आणि सांगितलं.

तेव्हापासून मी बगळ्यांसाठी देव पाण्यात घातले. कारण हिशोब सोपा होता: शेवटची मॅच जिंकली तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, म्हणजे आणखी निदान एक रविवार. हरलो तर थेट सप्टेंबर. देवांनी प्रयत्न केला असावा. शेवटच्या क्षणी दोन गुणांनी मागे होतो आणि एका पोराने फक्त बॉल लाथाडून दोन खांबांमधून घालवायचा होता, की तीन गुण. अख्ख्या संघात पायाने खेळायचा पगार घेणारा जवळजवळ तो एकटाच. त्याने लाथ मारली. बॉल खांबावर आपटला, क्षणभर विचारात पडला, आणि बाहेर गेला. मग ईरा म्हणाली, 'संपला सीझन, बाबा.' मी म्हणालो, हो. ती म्हणाली, 'आता सप्टेंबर.' मी म्हणालो, हो. मग मी विचारलं, थंडी आहे का? ती म्हणाली, आहे.

त्याला आता तीन रविवार झाले. माझं बाकी उत्तम चाललं आहे. खातो, फिरतो, वाचनालयात जातो. तुम्ही काळजी करू नये. डोळ्याला जपा आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमचा,
मुरलीधर

ता. क. पुढच्या वर्षी बगळे नवा लाथाड्या आणणार आहेत असं वाचलं. मला अर्थातच त्यात काही रस नाही.

ता. क. दुसरा: आता लिहितोच आहे तर खरं सांगतो. हा खेळ मला मुळीच आवडत नाही. फार कंटाळवाणा आहे. हे ईराला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा: मूळ काम राहिलंच. अरुणा फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची आणि तासभर बोलायची. मी आत पेपर वाचायचो. तिचं 'मग?', 'हो गं', 'अगं बाई' एवढंच माझ्या कानावर यायचं, आणि ते मला पाठ आहे. (परवा आरशासमोर 'अगं बाई' म्हणून पाहिलं. जमत नाही.) पलीकडून ईरा काय बोलायची, अरुणा तिला काय विचारायची, ते मला ठाऊक नाही. तुम्ही तिची थोरली बहीण, तुम्हाला अरुणा सगळं सांगायची. तेव्हा सप्टेंबरपर्यंत मुलीशी काय बोलायचं असतं, ते मला कळवा. टपालाला आठ-दहा दिवस लागतील, म्हणून या पत्राचा फोटो आश्लेषाच्या फोनवर आत्ताच पाठवतो आहे. कृपा करून आजच कळवा. उद्या रविवार आहे, आणि उद्या फोन मी करणार आहे.