दोन फ्रेमच्या मधे

२२ जानेवारी, बुधवार

चालली! मशीन चालली! मशीन कसली डोंबलाची – आईचा जुना मोबाईल बांबूला बांधलेला, आणि लॅपटॉपात माझा प्रोग्राम. पण दुपारी भात काढलेल्या शेतातल्या पिचवर धनेशदादाला इकडून तिकडे पळव पळव पळवलं आणि दर वेळी प्रोग्राम बरोबर बोलला. औट. नॉट औट. दादा घामाघूम. "अगं जागे, मला रविवारी फायनल खेळायची हाय. आजच मारतेस काय?"

गेल्या वर्षी फायनलला रनआऊटवरून स्टंप उपटून हाणामारी झाली होती. म्हणून यंदा कमिटीच्या नागूकाकांनी मला बोलावून सांगितलं, "तू कंप्युटरचं शिकतेस ना? मग लाव तुजी मशीन. मशीनला भावकी नसते."

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच करतेय. वर्गातल्या बाकीच्यांचे प्रोजेक्ट रोग ओळखतात, शेअर बाजार ओळखतात. माझा ओळखतो – बॅट रेषेच्या आत पोचली का नाही. सर म्हणाले, "एवढंच?" एवढंच तर एवढंच!

२४ जानेवारी, शुक्रवार

उरणकडच्या एका मोठ्या टीमचे मालक रविवारी येणार आहेत, दादाला बघायला! त्यांनी घेतलं तर दादा सगळ्या जिल्ह्यात खेळेल. आत्ता खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, पाळी सुटली की तसाच सरावाला. म्हणतो, "ह्या सीझनला झालं तर झालं. नायतर बॅट माळ्यावर." आईने देवाला नारळ बोललाय. मी बॅटऱ्या चार्ज करतेय. ज्याचं त्याचं दैवत.

२६ जानेवारी, रविवार

मी दादाला औट दिलं.

२७ जानेवारी, सोमवार

काल हातच चालेना. कॉलेजला दांडी मारलीय. आता लिहून टाकते.

समोर कळंबची टीम. शेवटचा चेंडू, जिंकायला दोन धावा. दादा सगळ्या डावात एकटा लढत होता. चेंडू मारला, एक धाव झाली, दुसरीला पळाला. थ्रो सरळ स्टंपवर! अंपायरने हात वर केला नाही, माझ्या मंडपाकडे बोट केलं. कॉमेंट्रीवाला कमलेश माईकवर पेटलाच – "भाऊ मैदानात, बहीण मंडपात! आता फैसला लॅपटॉपचा!" त्याने माईक माझ्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर लाल अक्षरं. मी वाचलं. "औट." माझाच आवाज चारी भोंग्यांतून माझ्याच कानावर आला. कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.

धावा सारख्या झाल्या, पण विकेट आमच्या जास्त पडल्या म्हणून हरलो. उरणचे मालक उठले आणि गाडीत जाऊन बसले. दादाने बॅट आपटली नाही, आरडाओरडा नाही. एकदा मंडपाकडे बघितलं, टोपी काढली, गेला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "हातातोंडाशी आलेला घास काढलास गं तू त्याचा." मी म्हटलं, मी नाही, प्रोग्रामने. "आणि प्रोग्राम कुणी केला?"



२८ जानेवारी, मंगळवार

रील झाली आमची. 'सख्ख्या बहिणीने घेतली विकेट.' खाली हसून हसून रडणारे चेहरे. दादा बोलत नाही. ताट घेऊन ओटीवर जातो. कॉलेजात नम्रता टाळी द्यायला पुढे! "अगं भारीच! तुझा प्रोजेक्ट निःपक्षपाती आहे हे सिद्ध झालं. रिपोर्टात टाक!" हिच्या तर... टाळी दिली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

त्या रनआऊटचा व्हिडिओ आज फ्रेम-फ्रेम करून बघितला. किती वेळा ते विचारू नकोस.

एका फ्रेममध्ये बेल्स स्टंपवर आहेत, आणि बॅट रेषेच्या बाहेर. पुढच्या फ्रेममध्ये बेल्स उडाल्यात, आणि बॅट आत. बस्! मधे काहीच नाही. आधी बेल्स उडाल्या की आधी बॅट आत गेली? कॅमेऱ्याने तेवढ्यात डोळा मिचकावला. आणि तेवढ्यातच माझ्या दादाचं सगळं गेलं.

मोबाईल सेकंदाला तीस चित्रं काढतो. आपल्याला वाटतं त्याने सगळं पाहिलं. छे! त्याने तीस वेळा पाहिलं, बाकी वेळ तो आंधळा. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलंय, मी परीक्षेत लिहिलंय, त्याला पूर्ण मार्कही पडलेत. काय उपयोग?

मग प्रोग्राम एवढा छातीठोकपणे 'औट' कशाच्या जोरावर बोलला?

३१ जानेवारी, शुक्रवार

सापडलं. देवा रे.

प्रोग्राम दोन आकडे बघतो. बॅट कितव्या फ्रेममध्ये आत दिसली, बेल्स कितव्या फ्रेममध्ये उडालेल्या दिसल्या. बॅटचा आकडा लहान – नॉट औट. नाहीतर औट. आणि दोन्ही आकडे सारखेच आले तर? त्याचा मी विचारच केला नव्हता! सारखे आले म्हणून ते गेले 'नाहीतर'मध्ये. म्हणजे औट. क्रिकेटमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं – शंका आली की फायदा बॅट्समनला. मी फक्त 'लहान' लिहिलं. 'लहान किंवा सारखा' लिहायला हवं होतं. एक चिन्ह! एक बरोबरचं चिन्ह टाकलं नाही, आणि दादा ओटीवर एकटा जेवतोय.

'माहीत नाही' असं म्हणायला मी त्याला शिकवलंच नाही. तो बिचारा काय करणार? काहीतरी बोललाच पाहिजे म्हणून बोलला. व्हिडिओ टाकून एआयला विचारलं. म्हणे, 'दोन्ही बाजू विचारात घेण्यासारख्या आहेत.' मेल्या! तू तरी एक बाजू घे ना!

१ फेब्रुवारी, शनिवार

नागूकाकांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. कशाला स्वतःचं हसं करून घेतेस?" म्हटलं, झालंच आहे, आणखी थोडं. उद्या देवळापुढे टीमचा सत्कार आहे. मला माईक पाहिजे.

घाबरलेय. पण सांगणार म्हणजे सांगणार.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं!

दोन्ही चित्रं देवळाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने मोठी करून दाखवली. म्हटलं, चूक मशीनची नाही, माझी. अशा वेळी नॉट औट द्यायला पाहिजे होतं. आपला धनेशदादा औट नव्हता. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळं देवळापुढचं पटांगण उठलं! नागूकाकांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून दादाला घातला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आई रडत होती. दादा खांद्यावर बसून खाली बघत होता. लाजला असेल.

कमलेशने तिथल्या तिथे व्हिडिओ टाकला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उरणहून फोन!! मालक म्हणाले, "पोरगा नॉट औट होता म्हणजे मॅच त्यानेच काढली असती." रविवारी ट्रायल. आईने नारळ फोडला. मी घरभर नाचले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझे मात्र बारा वाजले. सरांनीही तो व्हिडिओ बघितलाय. "जाहीर सांगतेस मशीन चुकली, आणि इकडे लिहितेस अचूक?" प्रोजेक्ट परत केला. सगळं पुन्हा तपासायचं, पुन्हा दाखवायचं. नोकरीच्या ज्या मुलाखतीसाठी कॉलेजातून माझं नाव जाणार होतं, तिथे आता नम्रताचं गेलं. तिने टाळी मागितली नाही, शहाणी.

वाईट वाटलं. बसस्टॉपवर रडले सुद्धा. पण दादाचं झालं ना! हिशेब बरोबर आहे. मी चुकले, मी भरलं.

दादा हल्ली बोलतो, पण कमी. जेवत नाही धड. ट्रायलची धास्ती, दुसरं काय! आज खोपोलीहून माझ्यासाठी मोबाईलचा स्टँड घेऊन आला, चांगला तीन पायांचा. "बांबू हलतो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, अरे वेड्या, बांबूची काही चूक नव्हती. तर उठून बाहेरच गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादाला स्कूटीवरून फाट्यावर सोडलं. टीमची गाडी यायची होती. किटबॅग पायाशी ठेवून उभा होता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "जागे, बॅट हवेतच होती गं. स्टंपचा आवाज आला तवा रेष पुढंच होती. मला तवाच कळलं होतं."

मी काही विचारणार तेवढ्यात गाडी आली. दादा बसला. काच खाली करून त्याने हात केला.

मीही केला.