पलीकडची सीट

मुसफ्फा, अबू धाबी
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. सौ. प्रज्ञा हिस,
सदादादाचे आशीर्वाद.

इकडे यंदा थंडी चांगली पडली आहे. कॅम्पातले लोक जॅकेट घालूनच झोपतात. आत्याचा गुडघा कसा आहे? तू पाठवलेलं कुळथाचं पीठ संपलं. मी झाकून ठेवलं होतं, तरी खोलीतल्या सगळ्यांना वास लागलाच.

पत्र बघून दचकू नकोस. वाडीतला सुजीत उद्या रजेवर निघतो आहे, त्याच्या हाती देतो आहे. फोनवर बोललो असतो, पण तू स्पीकर लावतेस आणि आत्या शेजारी असते, लेकाचं असलं ऐकून ती हाय खाईल. हे आधी तू एकटीने वाच. नीलेश शुक्रवारी पोचेल. त्याआधी तुला माहीत असलेलं बरं.

त्याची तब्येत चांगली आहे. जेवतो, चालतो. हॉस्पिटलातून आणताना आमचा सुपरवायझर म्हणाला, "खलास, आदमी एकदम फिट." इकडे खलास म्हणजे झालं, काम संपलं. ऑफिसातून तुला कळवलं की चक्कर येऊन पडला. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आमचं काम तुला माहीत आहे. लिवाच्या अलीकडे, वाळवंटात खोलवर, खडकात मुरलेला गॅस काढायला जमिनीत जोराने पाणी सोडतात. ते पाणी आमचे टँकर नेतात. त्या सकाळी धुकं असं होतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. धुक्यात मोठ्या गाड्यांना हायवेवर बंदी असते, पण आम्ही तोवर आतल्या कच्च्या वाटेला लागलो होतो. तिथे वायरलेस पकडत नाही. नीलेशची गाडी पुढे, माझी मागे.

विहिरीच्या जागेवर पोचलो तर फाटक सताड उघडं. नेहमीचा पठाण वॉचमन नाही. केबिनचा एसी चालू, खुर्चीत त्याचा वॉकी-टॉकी, जमिनीवर नमाजाची चटई पसरलेली. नळाखाली पारवे पडले होते. झोपल्यासारखे, माना एकाच बाजूला.

नीलेश विचारायला म्हणून उतरला आणि धुक्यात गेला. मी हाक मारली, "थांब रे!" आतून त्याचा आवाज आला, अगदी साधा, लग्नघरात पाहुणे बघून बोलावं तसा.

"सदादादा, हय सगळे उभे असत."

आणि मग काही नाही.

तेवढ्यात माझ्या छातीवरचं गॅसचं यंत्र ओरडायला लागलं. गाडीत पळ काढण्यापुरता मास्क असतो, तो चढवला आणि आवाजाच्या दिशेने गेलो. नीलेश पालथा पडला होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, प्रज्ञा. तिथली सगळी माणसं विषारी गॅसची गळती सुरू झाल्याबरोबर वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब निघून गेली होती. हे आम्हाला मागाहून कळलं.

मी त्याला ओढत फाटकाबाहेर आणलं आणि हॉर्न दाबून धरला. तो ऐकून बचाववाले आले. त्यांनी तोंडावर ऑक्सिजन लावला. आता लिहितोच: त्याचा श्वास थांबला होता. किती वेळ, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

शरीर सावरलं. पण कॅम्पात आणल्यावर नावाने हाक मारली तर वळून बघेना. जेवायला बसला की शेजारी दुसरं ताट मांडायचा. तुमच्या ओवीचा फोटो दाखवला तर म्हणाला, "नीलेशचां चेडू."

मी म्हटलं, "अरे, मग तू कोण?"

"माका काय म्हायत? नीलेश थयच ऱ्हवलो. तेचे कपडे घालून मी इलंय."

हे सांगताना तो हसत नव्हता, रडत नव्हता. बस चुकलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली की असं होतं, हळूहळू सुधारेल. त्यांचंच खरं असेल. पण तुझ्या हवाली मी कोणाला करणार होतो?

जागा पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच खेपेला मी नाव दिलं. येताना भर दुपारी, लख्ख उन्हात, फाटकाच्या बाहेर गाडी उभी केली. वारा पडला होता. वाळूवर नारळ फोडला आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, बा देवा म्हाराजा, लेकरू परक्या मुलखात चुकलं आहे, वाट दाखव. "व्हय म्हाराजा" म्हणायला तिथे कोण? तेही मीच म्हटलं. मग समोरच्या रिकाम्या वाळूकडे बघून मोठ्याने सांगितलं, "नीलेश, चल घराक. प्रज्ञा वाट बघताहा."

गाडी चालू केली. थोडं पुढे आलो आणि टिंग टिंग सुरू झालं. नवीन गाड्यांना पलीकडच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की अशी घंटा वाजते. सीट रिकामी होती. मी तिकडे मान वळवली नाही. हात लांब करून पट्टा ओढला, खाचेत अडकवला. घंटा बंद झाली.

मग मुसफ्फा येईपर्यंत मी बोलत राहिलो. आंब्याला मोहोर कसा आहे, बंदरावर कोणाची नवी होडी आली, सगळं. बोलणं थांबवायला धीर होईना.

कॅम्पाच्या फाटकाशी नीलेश उभा होता. आल्यापासून तो खोलीबाहेर पडला नव्हता. त्याने येऊन पलीकडचं दार उघडलं आणि कोणाला उतरायला जागा द्यावी तसा बाजूला झाला. मग एकदम शहारला, खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर विचारलं, "दादा, प्रज्ञाचो फोन इल्लो?"

तुझं नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. आता हाकेला ओ देतो, ओवीला माझी पोर म्हणतो, एकच ताट घेतो. वास मात्र कसलाच येत नाही. तू फोडणी घातलीस तर त्याला कळणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

धुक्यात कोण उभे होते, ते मी त्याला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. ओवीलाही विचारू देऊ नकोस.

आला की दारात भाकरतुकडा ओवाळून टाक. आत्याला सांग, प्रवासाची दृष्ट काढते आहे. नावाने हाक मारून आत घे. आणि कधी बोलता बोलता थांबून तो तुला विचारेल, "मी सगळो इलंय मां?" मलाही विचारतो. तेव्हा विचार करत बसू नकोस. त्याच्या डोळ्यांत बघ आणि लगेच हो म्हण.

उद्या पुन्हा त्याच वाटेने पाणी घेऊन जाणारा,
तुझा
सदादादा