अर्ध्या वेगाचा फुटबॉल

९ ऑगस्ट
बोललो आणि फसलो! आज सतरा ऑगस्टच्या स्पर्धांची बैठक होती. त्या दिवशी, आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला, गल्लीतले बाप्ये बायकांचे गाऊन घालून फुटबॉल खेळतात. गल्लीप्रमुख मुर्दियोनो, आम्हा सगळ्यांचे 'पाक' म्हणजे काका, यांच्यासारखा गोल मारणारा अख्ख्या मलांग शहरात नाही. यंदा गुडघ्यामुळे डॉक्टरांनी बंदी घातलीय. चेहरा एवढासा झाला होता त्यांचा. मला राहवलं नाही. "पाक, तुमच्या तरुणपणीचा कन्सोलवरचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम आता माझ्या तळहाताएवढ्या यंत्रावर चालतो. पडद्यावर लावू. अगदी मूळ वेगात!"

चालतो की नाही, मी पाहिलंच नव्हतं.

आणि हे लारासचे बाबा! यांच्याकडेच मला तिचा हात मागायचाय.

१० ऑगस्ट
पाहिलं. चेंडू हवेत गेला. मी चहा ढवळून प्यायलो. तरी खाली आला नव्हता.

११ ऑगस्ट
इंटरनेटवर एक जण छातीठोकपणे सांगतो – "मस्त चालतो!" त्याला विचारलं. तर खेळाचं नाव पडद्यावर दिसलं की हा यंत्र बंद करतो! पुढे कधी गेलाच नाही.

लारासला सांगितलं. म्हणाली, "गालिह, तू पण त्याच पंथातला. बाबांना आत्ताच खरं सांग. थापाड्यांचा भारी तिटकारा आहे त्यांना. माझं मागचं स्थळ थापांपायीच परत पाठवलं."

म्हटलं, अजून वेळ आहे. जमवतो.

१४ ऑगस्ट
चित्र धूसर केलं – जरा वेग आला. प्रेक्षक उडवले – आणखी जरा. आता रिकाम्या मैदानात चौकोनी डोक्यांची माणसं पळतायत. यंत्र असं तापलं की आई म्हणाली, "यावर टेम्पेच्या सोया-वड्या तळून घेऊ का रे?" बर्फाच्या पिशवीवर ठेवलंय.

आशा आहे. थोडी.

१६ ऑगस्ट
रस्त्यात पाक भेटले. "काय रे गालिह, मूळ वेगात ना?"

"हो तर!"

झडली का नाही ही जीभ!

१७ ऑगस्ट
पडद्यासमोर सगळी गल्ली. पाक खुर्चीत, अंगात फुलाफुलांचा गाऊन. बसून खेळायचं म्हणून काय झालं, गणवेश हवाच म्हणे! इतके खुशीत होते की मला बघवेना. उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत बोलून टाकलं, "पाक, थाप मारली. अर्ध्या वेगात चालतो. गोलपाशी गर्दी झाली की त्याहून हळू. आवाजही अडकतो. पण चालतो."

कुणीतरी झिंग्याचा पापड कुरकुरवला.

"लाव," पाक म्हणाले.

समोर त्यांच्याच पत्नी, बू सुलास्त्री. जन्मात असलं काही हातात धरलं नव्हतं त्यांनी. चेंडू सावकाश तरंगत येतोय आणि बायकांचा गलका – "आत्ता नको गं! थांब! आत्ता! दाब, दाब!" मध्येच बू उठून निखाऱ्यांवर भाजत ठेवलेल्या सातेच्या काड्यांना वारा घालून आल्या. तीन-शून्यने जिंकल्या! पाक गाऊन सावरत तडक घरी गेले.

संपलं. फार वाईट वाटतंय.

१८ ऑगस्ट
सकाळीच पाक दारात. मी माफी मागणार, तोच म्हणाले, "लारासनं तुमच्या दोघांचं सांगितलंय मला. तुमचा संसार कसा चालेल?"

म्हटलं, "बरा चालेल, पाक. मधूनमधून तापेल. अडखळेलही."

"रविवारी आईवडिलांना घेऊन ये."