न धुतलेली ओढणी

प्रिय क्षितिजा,

घाबरू नकोस, परत ये म्हणायला लिहीत नाहीये. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. पुण्याचा पत्ता आपल्या कॉलेजच्या नीरजकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं फार डोकं खाल्लं.

आमची सुरू, दादाची लेक, कॅनडाला चाललीय. दादा-वहिनी उज्जैन रोडवर अपघातात गेले तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती, आता तिचं चौथं वर्ष संपत आलंय. तिकडची आमची अमिताताई तिला दत्तक घेतेय. बाबा अंथरुणावर, आईचे गुडघे तसे, आणि मी सियागंज बाजारात दादाच्या दुकानात पाइप कापत बसलेला. मी म्हटलं, मीच घेतो ना दत्तक. तर दत्तकाच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, भैया, अकेले आदमी को बच्ची नहीं देते, कायदाच तसा आहे. मी टेबलावर हात आपटला. दुकानासाठी कॉलेज सोडताना आयकार्ड फेकून निघालो तेव्हा निदान बरं वाटलं होतं. इथे नुसता हात दुखला.

मग तिकडची चौकशी, इकडची चौकशी, पोलीस, फोटो, पुन्हा फोटो. त्या सगळ्यात माझ्याकडे काम एकच, सुरूला आत्याला आई म्हणायला शिकवायचं. व्हिडिओ कॉलवर ती 'आई-आत्या' म्हणायची. ताई तेवढ्यावरही रडायची. मला काही व्हायचं नाही. हल्ली होतच नाही.

त्या मॅडमनीच सांगितलं होतं की नव्या आईने वापरलेलं एखादं कापड मुलीच्या उशाशी ठेवा, वासाची ओळख होते. ताईने आठवडाभर अंगावर घेतलेली ओढणी पाठवली, पिशवीत घट्ट बांधून. मी दुकानातून येईपर्यंत आईने ती साबणात भिजवून, खळ घालून, गच्चीवर वाळत टाकली होती. कुठून कुठून आलेली वस्तू लेकराच्या उशाला तशीच कशी ठेवायची, हे तिचं म्हणणं. मी खूप ओरडलो. ती म्हणाली, "मला काय माहीत बाबा, तिने वास पाठवलाय!" मग आम्ही दोघंही त्या ओढणीकडे बघत राहिलो. पापडासारखी कडक झाली होती.

ताईला सांगायची हिंमत नव्हती. माझ्या कपाटात तुझा निळा स्टोल होता, राजवाड्याला गाडीवरून उतरताना राहिलेला. पिशवीला गाठ मारून ठेवला होता. कधीतरी गाठ सोडायचो, बस. तो सुरूला दिला. म्हटलं, हा अमिताआईचा. ती तो तोंडावर घेऊन झोपायला लागली.

ताई परवा आली. सुरू अजिबात लाजली नाही. सरळ मांडीवर चढली, ताईच्या गळ्यात नाक खुपसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, ही ती नाहीये." मग खाली उतरली. तेव्हापासून ताईच्या हातचा घास घेत नाही. ताई पोहे भरवायला बसते, ही स्टोल घेऊन दाराशी बसते. जणू अजून कोणी यायचंय.

आज ताईला सगळं सांगितलं. वाटलं, एक ठेवून देईल. मीही गाल पुढे करूनच उभा होतो. तर ती म्हणाली, "ती मुलगी केसांना काय लावते रे?" मला सांगता येईना. कॉलेजभर तुला गाडीवर फिरवलं, पण तू नेहमी मागे बसायचीस. विचारायचं कधी सुचलंच नाही.

म्हणून हे पत्र. तेल असेल, साबण असेल, पावडर असेल, नुसतं नाव कळव. पुढच्या रविवारी त्यांची फ्लाइट आहे, तोवर ताई ते लावून बघेल. मेसेज केलास तरी चालेल, मी उत्तर देणार नाही, कसम से. फक्त स्टोल परत मागू नकोस. तो सुरूबरोबर जाईल. माझ्याकडे त्याची पिशवी आहे.

तुझाच (हात सवयीने लिहून गेला, राहू दे),
प्रणव